द्राक्षबागेची तार: साधी जीआय, हाय टेन्साईल की पॉलिस्टर?

नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंत, ओझर, निफाड, दिंडोरी या पट्ट्यातल्या कृषी साहित्याच्या दुकानांत बागेसाठी आज मुख्यतः तीन प्रकारची तार मिळते. साधी जीआय, म्हणजे मऊ पोलादावर जस्ताचा थर. हाय टेन्साईल जीआय, म्हणजे जास्त ताण सोसणाऱ्या कडक पोलादाची. आणि काळ्या रंगाची पॉलिस्टरची एकधागी तार, जिला दुकानात कोणी पॉलिमर तार म्हणतं तर कोणी नुसती प्लास्टिक तार. तिन्हींच्या लेबलावर एकच आकडा ठळक असतो: किती किलोला तुटते. बागेत मात्र तार तुटल्याची तक्रार क्वचित ऐकू येते. तक्रार असते ती झोळाची. ऐन मण्यांत पाणी उतरण्याच्या काळात ओलांडा (तारेवर आडवी वाढवलेली वेलीची फांदी) खाली येतो, घड एकमेकांवर बसतात, फवारा आतपर्यंत पोहोचत नाही आणि मजूर वाकून काम करून थकतात.

म्हणून या परीक्षणात तार किती, कधी आणि कशामुळे लांबते हे पाहिलं आहे. कुठल्या एका कंपनीच्या मालाला गुण दिलेले नाहीत, कारण एकाच प्रकारात माल फार कमीजास्त येतो. त्याऐवजी दुकानात आणि शेडमध्ये करता येतील अशा चाचण्या दिल्या आहेत. त्या केल्या की समोरच्या बंडलाची लायकी आपोआप कळते.

तारेवर भार किती येतो

ओळींत ९ फुटांचं अंतर धरलं तर एकरात सुमारे १,४७५ मीटर ओळ बसते. एकरी १० टन माल म्हणजे ओळीच्या दर मीटरला जवळजवळ ७ किलो नुसते घड. त्यावर काड्या, पानं, ओलांडे आणि अवकाळी पावसात पानांवर साचणारं पाणी. वाय पद्धतीत, म्हणजे इंग्रजी Y आकाराच्या आधारावर वेल पसरवतात तिथे, हा भार पाच-सात तारांत वाटला जातो, पण सारखा वाटला जात नाही. ओलांड्याच्या आणि घड पेलणाऱ्या तारांवर मीटरला ३ किलोपर्यंत भार धरूनच हिशेब करावा. वरच्या, फक्त शेंडे अडवणाऱ्या तारांवर त्याच्या चौथा हिस्साही येत नाही.

आता हिशेब. तारेतला ताण = मीटरला भार × दोन आधारांमधल्या अंतराचा वर्ग ÷ (८ × झोळ). आधार साडेचार मीटरवर, भार ३ किलो आणि झोळ ५ सेंटीमीटर धरला, तर ताण येतो सुमारे १५० किलो. झोळ अडीच सेंटीमीटरच हवा असा हट्ट धरला तर ताण ३०० किलो. तार वीणेसारखी कडक ताणली की बाग मजबूत झाली असं मानणारे या दुप्पट आकड्याकडे पाहत नाहीत, आणि शेवटचा अँगल, म्हणजे ओळीच्या टोकाचा लोखंडी खांब, मग तो ताण सोसत बसतो.

याच हिशेबाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. साडेचार मीटरच्या गाळ्यात, म्हणजे दोन आधारांमधल्या भागात, ५ सेंटीमीटर झोळ पडायला तार फक्त दीड मिलिमीटर जास्त लागते. ९० मीटरच्या ओळीत असे २० गाळे, म्हणजे अख्ख्या ओळीत ३ सेंटीमीटर. १० सेंटीमीटर झोळासाठी १२ सेंटीमीटर. टक्क्यांत सांगायचं तर तार ०.१३ टक्के लांबली की झोळ हातभर नाही पण डोळ्यांत भरण्याइतका होतोच. तार निवडताना एवढ्या बारीक लांबीचा विचार का करायचा, ते इथे कळतं.

झोळ पडण्याची कारणं वेगवेगळी

पहिलं कारण यील्ड. प्रत्येक धातूला एक मर्यादा असते. त्याखाली ताण सोडला की तार मूळ लांबीवर येते, त्यावर गेली की काही लांबी कायमची वाढते. न तुटता अशी कायमची लांबण्याची जी क्षमता, ती तन्यता. यील्डमुळे पडलेला झोळ एका झटक्यात येतो: वादळी रात्र, अतिभार, किंवा ताण देताना लावलेला जास्तीचा जोर. तो भार गेला की झोळ आणखी वाढत नाही, पण परतही जात नाही.

दुसरं कारण क्रीप. इथे भार मर्यादेच्या आत असतो, पण सतत असतो, आणि पदार्थ दिवसामागून दिवस हळूहळू लांबत राहतो. सुरुवातीला वेगाने, मग मंद. उष्णता वाढली की क्रीप वाढतो.

तिसरं कारण तापमानाने होणारं साधं प्रसरण. निफाडला थंडीत पारा ५ अंशांच्या खाली उतरतो, मे महिन्यात ४० गाठतो. ३५ अंशांच्या फरकाने ९० मीटर पोलादी तार ३.८ सेंटीमीटर लांबते. दुपारी सैल आणि पहाटे ताठ दिसणारी तार बिघडलेली नसते.

चौथं कारण तारेत नसतंच. शेवटचा अँगल किंवा अँकर सरकलेला असतो. काळ्या जमिनीत हे नेहमीचं आहे: पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि अँकर दरवर्षी थोडाथोडा वर-पुढे येतो.

यातलं कुठलं कारण आहे हे ओळखायला खर्च नाही. तार बसवतानाच शेवटच्या अँगलपाशी, क्लॅम्पच्या अगदी कडेला, तारेवर ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा. अँगलच्या मागे दोन फुटांवर, ताणाबाहेर, एक लोखंडी खुंटी ठोकून अँगलपर्यंतचं अंतर लिहून ठेवायचं. झोळ पडला की पाहायचं: ठिपका क्लॅम्पपासून आत गेला असेल तर तार पकडीतून घसरली. खुंटीचं अंतर वाढलं असेल तर अँगल झुकला. दोन्ही जागच्या जागी असतील तरच दोष तारेचा. ही मोजणी नेहमी सकाळी आणि शक्यतो सारख्याच हवेत करावी, नाहीतर प्रसरणाचे सेंटीमीटर हिशेबात घुसतात.

साधी जीआय

बागेत १०, १२ आणि १४ गेज जास्त चालतात: अनुक्रमे ३.२५, २.६४ आणि २.०३ मिलिमीटर. या तारेत कार्बन कमी असतो, साधारण ०.१ टक्क्याच्या आसपास, आणि ॲनिल (तापवून हळू थंड) केलेली असेल तर ती हाताने सहज वळते. मऊ तारेची यील्ड चौरस मिलिमीटरला २५ किलोच्या आसपास आणि तुटण्याची मर्यादा ४० च्या आसपास धरावी. १२ गेजचं क्षेत्रफळ साडेपाच चौरस मिलिमीटर. वरच्या हिशेबातले १५० किलो तिच्यावर आले की चौरस मिलिमीटरला २७ किलो होतात. म्हणजे चांगलं पीक आलं की ती यील्डच्या रेषेवर असते, आणि सोसाट्याचा एक वारा तिला पलीकडे ढकलतो.

तरीही जुन्या बागा या तारेवर उभ्या आहेत, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. तार लांबली की झोळ वाढतो, झोळ वाढला की ताण उतरतो: १० सेंटीमीटर झोळाला तोच भार ७६ किलोंवर पेलला जातो. तार स्वतःच सैल होऊन तुटण्यापासून वाचते. ती तुटण्याआधी बराच इशारा देते, गाठ घेते, स्वतःभोवती गुंडाळून सांधता येते. दोन मजुरांच्या हातात फक्त पक्कड असली तरी भागतं. हे सगळं तन्यतेचं देणं आहे आणि ते कमी लेखण्यासारखं नाही.

तिची अडचण पिळ्यात आहे. सैल तारेत खिळा किंवा सळई घालून पिळा भरायची पद्धत सगळीकडे दिसते. पिळताना तेवढा तुकडा कडक होतो, कारण थंडपणी वाकवलेला धातू दर वाकवणीला आपली तन्यता खर्च करतो. पहिल्या वर्षी पिळा चालतो. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात तोच पिळा उकलून पुन्हा भरला की तार नेमकी तिथेच तुटते. शिवाय पिळ्याच्या जागी जस्त तडकतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. पिळ्याऐवजी शेवटी ताण देणारी खटक्याची चरखी लावली तर हीच तार बरीच वर्षं जास्त टिकते.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. लोखंडी तार उन्हाळ्यात "क्रीप होते" असं विक्रेते सांगतात. धातूत क्रीप जाणवण्याइतका होतो तो साधारणपणे केल्विनमधल्या वितळणबिंदूच्या ०.४ पटीच्या वर. पोलादासाठी ते तापमान ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास येतं. नाशिकरोडजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी ५४० अंशांच्या आसपासची वाफ वाहणाऱ्या नळ्यांत क्रीप हा खरा प्रश्न असतो आणि तिथे नळ्यांचं आयुष्य त्यावरच ठरतं. द्राक्षबागेतल्या ४२ अंशांत पोलादी तारेचा झोळ क्रीपने पडत नाही. तारेवरचं जस्त मात्र ४१९ अंशांना वितळणारं आहे आणि आपल्या हवेत ते क्रीपच्या हद्दीत बसतं; पण तो थर काही शतांश मिलिमीटरचा, भार तो उचलत नाही, त्यामुळे फरक पडत नाही.

हाय टेन्साईल जीआय

या तारेत कार्बन साध्यापेक्षा बराच जास्त असतो. सळई तापवून शिशाच्या कुंडातून ठरावीक तापमानाला थंड करतात, त्यामुळे आतली रचना अतिशय बारीक होते आणि मग ती डायमधून ओढून बारीक करतात. तुटण्याची ताकद चौरस मिलिमीटरला १०० ते १२५ किलो, म्हणजे अडीच मिलिमीटरची तार ५०० किलोंच्या पुढे. महत्त्वाचं हे की तिची यील्डही वर सरकते. १५० किलो ताणाला तिच्यात चौरस मिलिमीटरला ३१ किलो येतात, जे मर्यादेच्या जवळपासही नाही. वारा थांबला की ती होती तिथे परत येते. मऊ तार लवचिक मर्यादेत जितकी ऊर्जा साठवते त्याच्या दहापटीहून जास्त ही साठवते आणि परत देते. प्लास्टिक आच्छादन टाकलेल्या बागांत वाऱ्याचे हिसके जास्त बसतात. तिथे या गुणाचं मोल मोठं आहे.

किंमत तन्यतेत मोजावी लागते. तुटेपर्यंत ती फक्त काही टक्केच लांबते. तारेला तिच्याच जाडीभोवती वळवलं तर बाहेरचा पृष्ठभाग सुमारे ५० टक्के ताणला जातो. मऊ तार हे सोसते, ही सोसेलच असं नाही. म्हणून पक्कडीने काटकोनात मोड नको, साध्या तारेसारखी स्वतःभोवती घट्ट गुंडाळी नको. सांध्याला दाबायच्या नळ्या किंवा वायर जॉइनर वापरावेत, आणि अँगलला वेढा देताना गोल पाइपचा तुकडा मध्ये घालावा. पक्कडीच्या दातांचा ओरखडा सर्वात घातक. मऊ तारेत ओरखड्यापाशी धातू थोडा ओघळतो आणि ताण पसरतो. कडक तारेत तो तिथेच साचतो.

तुटलेलं टोक हातात घेऊन नीट पाहिलं तर कारण वाचता येतं. टोकाआधी तार बारीक होत गेली असेल, मान पडली असेल आणि एका तुकड्यावर वाटीसारखा खोलगट भाग असेल, तर ती अतिभाराने ताणून तुटली. टोक सपाट असेल, मान नसेल आणि कडेला गंजलेली चंद्रकोर दिसत असेल, तर तिथे जुना ओरखडा होता, चीर हळूहळू आत गेली आणि उरलेला चकचकीत भाग शेवटी एकदम तुटला. दुसऱ्या प्रकारात दुकानदाराशी भांडून उपयोग नाही. बसवणाऱ्याची पक्कड तपासा.

ही तार ताठ असल्यामुळे तिला छोट्या हालचालीही जाणवतात. अँकर ४ सेंटीमीटर पुढे आला तर ९० मीटरच्या ओळीत अडीच मिलिमीटरच्या तारेचा ताण सुमारे ४४ किलोंनी उतरतो. थंडी-उन्हाच्या फरकानेही जवळपास तेवढाच चढउतार होतो. मे महिन्याच्या दुपारी कडक ताणलेली तार जानेवारीच्या पहाटे ४० किलो जास्त ओढते, आणि तेव्हाच मण्यांत पाणी भरलेलं असतं. ताण सकाळी, साधारण २०-२५ अंशांत द्यावा. अँकर कमजोर असेल तर आधी अँकरवर खर्च करावा. कच्च्या अँकरवर हाय टेन्साईल तार लावून काहीच पदरात पडत नाही.

पॉलिस्टरची तार

वजन हा हिचा पहिला फायदा. पोलादी तार किलोला किती मीटर बसेल ते १६२ ला मिलिमीटरमधल्या व्यासाच्या वर्गाने भागून मिळतं. पॉलिस्टरसाठी १६२ ऐवजी ९२३ घ्यायचे. १२ गेज किलोला २३ मीटर, अडीच मिलिमीटर हाय टेन्साईल २६ मीटर, ३ मिलिमीटर पॉलिस्टर १०२ मीटर. एकरात सहा तारा, म्हणजे ८,८५० मीटर धरले तर अनुक्रमे ३८०, ३४० आणि ८७ किलो. किलोच्या दरावरून तुलना करणारा इथे हमखास फसतो. मीटरचा दर काढूनच बोलावं. गंज नाही, आणि बोर्डो मिश्रणातल्या (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्यातल्या) तांब्याचा त्रासही नाही. जस्तावर तांबं बसलं की जस्त लवकर झिजतं, हा जीआयचा कमकुवत दुवा आहे.

ताठपणा पोलादाच्या साधारण विसाव्या हिश्शाइतका. त्याचा एक फायदा खरा आहे: अँकर ४ सेंटीमीटर सरकला तरी ३ मिलिमीटरच्या तारेचा ताण फक्त ३ किलोंनी उतरतो. पण १५० किलोंचा पूर्ण ताण द्यायचा तर ९० मीटरची तार जवळजवळ १.९ मीटर ओढावी लागते, जिथे हाय टेन्साईल १४ सेंटीमीटरमध्ये भागते. साध्या चरखीत एवढी गुंडाळी मावत नाही, हे आधी पाहून घ्या.

आणि क्रीप. पॉलिस्टरच्या साखळ्या ७० ते ८० अंशांच्या आसपास मोकळ्या हलू लागतात. मे महिन्यातल्या उन्हात काळी तार त्या तापमानापासून फार दूर नसते. सतत भाराखाली ती लांबत राहणारच. १ टक्का लांबली आणि ताण दिला नाही तर कागदावर प्रत्येक गाळ्यात २७ सेंटीमीटर झोळ येतो. प्रत्यक्षात झोळ वाढताना ताण उतरतो आणि तार थोडी आखडते, म्हणून तितका पडत नाही, पण ओलांडा वाकडा करायला पुरेसा पडतो. भरावाच्या भिंतींत वापरल्या जाणाऱ्या जिओग्रिडसाठी (माती धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या जाळ्यांसाठी) अमेरिकी महामार्ग खात्याच्या मार्गदर्शनात क्रीपपोटी पॉलिस्टरची ताकद १.६ ते २.५ ने भागतात, पॉलिप्रोपिलीनची ४ ते ५ ने. बागेत तुटण्यापेक्षा झोळाची चिंता जास्त, म्हणून लेबलावरच्या तुटण्याच्या आकड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त कायमचा ताण पॉलिस्टरवर ठेवू नये. आणि पॉलिस्टर सांगून पॉलिप्रोपिलीन दिलं जात असेल तर ओळखणं सोपं आहे: तुकडा पाण्यात टाका. पॉलिस्टर बुडतं, पॉलिप्रोपिलीन तरंगतं.

क्रीपची चाचणी शेडमध्ये करता येते आणि पॉलिस्टर घेण्याआधी ती करावीच. २.२ मिलिमीटरचा तीन मीटरचा तुकडा पक्क्या लोखंडी अँगलला बांधा. झाडाची फांदी नको, ती स्वतःच वाकते. गाठींपासून दूर, मध्ये बरोबर २ मीटर अंतरावर मार्करने दोन बारीक रेघा मारा. लांबी याच रेघांमध्ये मोजायची, कारण गाठ आवळली जाते आणि तिची लांबी क्रीप म्हणून मोजली जाते. खाली ५० किलोची सिमेंटची गोणी, जमिनीपासून वीतभर वर, हळू सोडा. मग १ मिनिट, १० मिनिटं, १०० मिनिटं आणि १,००० मिनिटं, म्हणजे पावणेसतरा तासांनी, मोजा. चांगल्या मालात प्रत्येक टप्प्याची वाढ जवळजवळ सारखी असते. समजा दर टप्प्याला २ मिलिमीटर वाढ मिळाली, तर १ लाख मिनिटांपर्यंत, म्हणजे ६९ दिवसांपर्यंत, आणखी दोन टप्पे, ४ मिलिमीटर. गोडी छाटणीपासून (घडांसाठीच्या छाटणीपासून) काढणीपर्यंतचे चार महिने त्याच्या थोडं पुढे. २ मीटरला २ मिलिमीटर म्हणजे ९० मीटरच्या ओळीला दर टप्प्यात ९ सेंटीमीटर. वाढ टप्प्यागणिक मोठी होत गेली तर तो भार त्या तारेला झेपत नाही, बंडल परत करा. चाचणी दुपारी पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये पुन्हा केली की उन्हाचा परिणाम वेगळा दिसतो.

भाराखाली तार वेळेनुसार कशी लांबते याचे पद्धतशीर प्रयोग ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड अँड्रेड यांनी १९१० मध्ये शिशाच्या तारांवर केले. शिसं खोलीच्या तापमानालाच आपल्या वितळणबिंदूच्या निम्म्यावर असतं, म्हणून भट्टीशिवाय क्रीप दिसतो. गोणीची चाचणी त्याच घराण्यातली.

पॉलिस्टरचे इतर दोष थोडक्यात. अँगलच्या भोकाची धारदार कड तिला कापते. तिथे ठिबकच्या नळीचा तुकडा घालावा. बोल्टखाली दाबली की काही दिवसांत ती चपटी होते आणि पकड सुटते, म्हणून बोल्टऐवजी गोल चरखीवर तीन-चार वेढे. चुन्याची निवळी किंवा ओलं सिमेंट अशा तीव्र अल्कलीत पॉलिस्टर झिजतं, तेव्हा नव्या काँक्रीटमध्ये ती गाडू नये. बांध जाळताना आग जवळ आली तर ती वितळते.

ठिबकची लॅटरल, म्हणजे ओळीतून जाणारी पाण्याची नळी, हीदेखील क्रीपचीच गोष्ट आहे. लॅटरल तारेला लांब-लांब अंतरावर बांधली की उन्हाळ्यात दोन बांधण्यांमध्ये ती कायमची लोंबते, आणि ड्रीपरचं पाणी नळीवरून ओघळत सखल जागी, खोडापासून दूर पडतं. दर दोन फुटांवर क्लिप लावली तर हा प्रश्न उद्भवत नाही. तार कुठलीही असो.

दुकानात काय तपासावं, कोणती कुठे लावावी

जीआयसाठी तुकडा त्याच जाडीच्या तारेभोवती सहा-आठ वेढे गुंडाळा; हाय टेन्साईल असेल तर चौपट जाडीच्या सळईभोवती. बोट फिरवल्यावर जस्ताचे पापुद्रे हाताला लागले तर थर नीट चिकटलेला नाही. बाहेरची चमक काहीच सांगत नाही. चौरस मीटरला जस्त किती ग्रॅम ते बिलावर लिहून घ्या; २४० च्या आसपास असेल तर थर सुमारे ३४ मायक्रॉन, हेवी कोटिंग म्हणण्यासारखा. स्वस्त चमकत्या तारेवर याच्या चौथा हिस्साही नसू शकतो. जास्त माल घेणाऱ्या गटाने नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधल्या प्रयोगशाळेत टेन्साईल टेस्ट करून घ्यावी, आणि अहवालात तीन गोष्टी मागाव्यात: यील्ड, तुटण्याची ताकद, आणि लांबणीचे टक्के कुठल्या मोजलांबीवर (तुकड्याच्या किती लांबीच्या भागावर) काढले ते. हा शेवटचा आकडा नसेल तर टक्क्यांना अर्थ नाही, कारण तार मानेपाशी जास्त लांबते आणि मोजलांबी कमी घेतली की टक्के फुगतात.

आमची पसंती स्पष्ट आहे. ओलांड्याच्या आणि घड पेलणाऱ्या तारांना अडीच मिलिमीटर हाय टेन्साईल, हेवी कोटिंगची. तिला पर्याय म्हणून पॉलिस्टर लावू नये, विक्रेता कितीही आग्रह करो. वरच्या, शेंडे अडवणाऱ्या तारांना पॉलिस्टर उत्तम: भार कमी, वजन कमी, अँकरच्या हालचाली ती पोटात घालते. साधी जीआय बांधणीला, छोट्या ओळींना आणि जिथे तार वारंवार मोडून-वळवून वापरायची तिथे. ५०-६० मीटरपेक्षा लांब ओळीत भाराच्या जागी ती नको.

पॉलिस्टरला ताण देण्याचं वेळापत्रक क्रीपच्या वेगावर ठरवावं: बसवल्यावर दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग दोन महिन्यांनी. दुसऱ्या दिवशीचा ताण सर्वात मोलाचा, कारण गोणीच्या चाचणीतले पहिले तिन्ही टप्पे तोवर होऊन गेलेले असतात. बसवणी खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातल्या, नव्या काड्यांसाठीच्या छाटणीनंतर) उरकली तर हे तिन्ही ताण घड येण्याआधीच देऊन होतात. हाय टेन्साईलचं बंडल मात्र फिरत्या चकतीवर ठेवूनच उलगडावं, बांधणीची पट्टी कापताना तोंड बाजूला आणि डोळ्यांवर गॉगल असावा. ही तार सुटताना तिच्यात साठलेला सगळा जोर एकदम बाहेर टाकते.